‘ते आमच्यात येत नाही’ म्हणणाऱ्यांनो, खोक्यातला कागद तरी उघडा!

नव्याकोऱ्या ट्रॉल्यांखाली साबणाचं पाणी, डिशवॉशरच्या तळात खरकट्याचं तळं, स्क्रीनवर एरर, आणि फिटिंगला आलेला माणूस माझ्यापुढे फॉर्म धरून उभा. ‘इथं सही करा मॅडम, इन्स्टॉलेशन कम्प्लीट.’ कसलं कम्प्लीट? पाणी आत येतंय, बाहेर जात नाहीये! तर म्हणे, ‘मशीन ओके आहे. ड्रेनचं आमच्यात येत नाही. प्लंबरला बोलवा.’

प्लंबरला फोन लावला. ‘वहिनी, पाइप मी बरोबर जोडलाय की. मशीनमध्येच फॉल्ट असणार बघा. त्या कंपनीवाल्याला सोडू नका.’ कंपनीवाला तोवर जिना उतरून, गाडीला किक मारून गेलासुद्धा.

शेवटी पाणी पुसून मीच डिस्पोजरच्या, म्हणजे सिंकखाली बसवलेल्या खरकटं दळायच्या यंत्राच्या, खोक्यातला कागद काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेला. म्हणजे कुणी उघडलाच नव्हता! आणि त्यात चक्क चित्र आहे, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरचं. डिस्पोजरच्या अंगाला डिशवॉशरचा ड्रेन पाइप जोडायला एक आखूड नळी असते. ती कारखान्यातूनच आतून बंद येते, कारण ज्यांच्या घरी डिशवॉशर नाही त्यांचं पाणी तिथून गळू नये. डिशवॉशर जोडायचा तर ते आतलं बूच, म्हणजे डमी, आधी ठोकून पाडायचं, पडलेला तुकडा डिस्पोजरच्या आतून काढायचा, मग पाइप चढवायचा. एवढंच काम. आमच्या प्लंबरने बंद तोंडावर पाइप चढवला, क्लिप आवळली, मजुरी घेतली. पंपाने जोर लावला, पाइप निसटला, पाणी थेट प्लायवर. आणि कंपनीचा माणूस, ज्याचा हा रोजचा धंदा, त्यानेही सिंकखाली वाकून एकदा बघितलं नाही.

हातोडी माझ्या घरात आहे. स्क्रूड्रायव्हर आहे. पण हा जाता जाता सांगून गेलाय, ‘तुम्ही काही खोललं तर वॉरंटी जाईल हं.’ म्हणजे येणारा करणार नाही आणि मी हात लावायचा नाही. उद्या ‘दहा ते सहाच्या दरम्यान’ कुणीतरी येईल म्हणे. दहा ते सहा! माणसाने दिवसभर दाराकडे बघत बसायचं, नोकरी सोडून. आणि बरोबर पाच वाजता फोन येणार, ‘मॅडम, आज विजापूर रोडला अडकलोय, उद्या करू.’

हे आजचं झालं. याच्याआधी सुतार. त्याला मी मशीनची मापं कागदावर लिहून दिली होती, रुंदी ६० सेंटीमीटर. ‘दोन फूट सोडतो ताई, आरामात बसतंय.’ दोन फूट म्हणजे ६०.९६, बसलंच असतं. मग शेवटच्या दिवशी फिनिशिंग म्हणून एका बाजूला १८ मिलिमीटरची प्लाय ठोकली. राहिले ५९ सेंटीमीटर आणि वर थोडं. मशीन अडकल्यावर मलाच विचारतो, ‘थोडं बारीक मॉडेल नाही का मिळत?’ परत सगळं उचकटणं आलं, सनमायका फाटला, त्याचे पैसे मी द्यायचे.

पाइप जायला सुताराने कपाटाला भोक कुठं पाडलं, तर तळाला, फरशीलगत. ड्रेन पाइप आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत वर न्यावा लागतो आणि मग खाली, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं, धुतलेल्या ताटांवर. हे पुस्तकात आहे, भिंतीवर पेन्सिलने मीही काढून दिलं होतं. त्या पेन्सिलीवर त्याने ट्रॉलीचं चॅनेल मारलं.

इलेक्ट्रिशियनने पॉइंट मशीनच्या बरोबर पाठीमागे दिला. प्लग टोचतो म्हणून मशीन ओट्याच्या बाहेर आलेली. बाजूच्या कपाटात हवा होता पॉइंट, म्हणजे उद्या काही झालं तर हात घालून बंद करता येतो. आणि दिला तोही ६ अँपियरचा! अहो, पाणी तापवायचा हीटर आहे त्यात, २००० वॅटच्या आसपासचा. ६ अँपियरच्या सॉकेटला १३८० वॅटच झेपतात. ‘काय नाही होत वहिनी, एक्स्टेन्शन लावा.’ ओल्या स्वयंपाकघरात एक्स्टेन्शन! आग लागल्यावर तेही ‘आमच्यात येत नाही’ म्हणणार.

या सगळ्याचं मूळ म्हणजे ते ‘पॅकेज’. मला या शब्दाचा तिटकारा आहे. मॉड्युलर किचनवाल्याला मी डिशवॉशरची जागा मागितली होती. डिस्पोजर त्याने पॅकेजमध्ये घुसवला आणि ‘काढला तरी रेट तोच’ म्हणाला. राहतो कुठे आपण? सोलापुरात! शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीचं पाणी, तेही काही दिवसांआड. डिस्पोजर चालवायचा म्हणजे नळ सोडून ठेवायचा, दळून झाल्यावरही थोडा वेळ. ज्या गावात बायका टाकीचा कॉक किती फिरवला ते बघून भांडी विसळतात, त्या गावात खरकटं वाहवायला नळ सोडायचा? वर त्यात शेवग्याचा चोथा चालत नाही, मक्याची साल चालत नाही, केळीची सालं नकोत, भात जास्त गेला तर फुगून पाइप तुंबतो. मग राहिलं काय? बाकी सगळं घंटागाडीतच जाणार, आधी जात होतं तसंच. सिंकचं तोंडसुद्धा त्याला साडेतीन इंची लागतं, म्हणून चांगलं जुनं सिंक फेकायला लावलं.

डिशवॉशरची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी कुणाशीही भांडून सांगेन. एका वेळेला दहा-बारा लिटर पाण्यात घरभराची भांडी निघतात. धुण्याभांड्याच्या मावशी सुट्टीवर असल्या की वाहत्या नळाखाली किती पाणी जातं ते मी बघितलंय. म्हणून घेतला. शेजारच्या काकूंनी ‘चार भांड्यांना कशाला गं मशीन’ म्हणत नाक मुरडायची गरज नाही. चार भांडी? भाकरीची परात, पिठलं करपलेली कढई, शेंगाची चटणी कुटल्यावरचं तेलकट मिक्सरचं भांडं, दह्याचे सट, आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे. या काकू, रात्री अकराला माझ्या सिंकपाशी येऊन उभ्या राहा.

विकणारेही तसलेच. मी विचारलं, आमच्या बोअरचं पाणी जड आहे, नळावर पांढरे थर चढतात, मिठाचं काय? ‘घरातलं साधं मीठ टाका हो, काय फरक पडत नाही.’ पडतो! मशीनमधल्या, पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला आयोडीन नसलेलं, जाड दाण्याचं खास मीठ लागतं. त्या मिठानेच पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरणारी रेझिन परत ताजी होते. पाण्याचा जडपणा किती ते मोजून सेटिंग करायचं असतं. आजच्या माणसाने सेटिंग केलं का? कारखान्यातून आलं तसंच सोडून गेला. पाण्याचा दाब बघितला का? पुस्तकात किमान ०.५ बार लिहिलंय, म्हणजे टाकीतलं पाणी नळापासून पाचेक मीटर तरी वर हवं. आम्ही वरच्या मजल्यावर, टाकी लगेच डोक्यावर, मग एवढी उंची मिळणार कुठून? विचारलं तर म्हणाला, ‘प्रेशर पंप घ्या, माझ्या ओळखीचा आहे.’

आणि ते ‘फ्री इन्स्टॉलेशन’! एसीवाला आला, स्टँड वेगळा. आरओवाला आला, कनेक्टर वेगळा. आता हा, इनलेटची नळी लांब लागते म्हणून वेगळे पैसे, पाऊण इंचीचा कॉक वेगळा, स्टॅबिलायझर ‘घ्यायलाच लागतंय’. फ्री काय होतं, त्याची सही?

सही मी केलेली नाही. फॉर्म तसाच ओट्यावर आहे. प्लंबरची राहिलेली मजुरी, सुताराचा शेवटचा हप्ता, किचनवाल्याचं बॅलन्स, सगळं माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहणार. तिघांनाही मेसेज टाकलाय: उद्या एकाच वेळेला यायचं, कंपनीचा माणूस समोर असताना. डमी कुणी काढायचं, फुगलेली प्लाय कुणी बदलायची, ते माझ्यासमोर ठरवायचं. मशीन भरून एकदा पूर्ण चालली, पाणी गेलं, खाली फरशी कोरडी दिसली, की पैसे. त्याच्याआधी एक रुपया नाही, आणि फोनवर ‘वहिनी, जरा समजून घ्या’ तर अजिबात नको.