जिन्यातला नवरा

काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून आमच्याकडे डबा आला. चार थालीपिठं, लोण्याचा गोळा आणि सोबत निरोप: "त्यांच्या पोटात सकाळपासून काही नसेल, तेवढं द्या हो त्यांना. राग जेवणावर काढू नये." 'त्यांना' म्हणजे मला. निरोप ऐकणारी माझी बायको. ती नुकतीच ऑफिसातून आलेली, खांद्यावर पर्स तशीच, हातात गरम डबा, आणि आपण नवऱ्याला उपाशी ठेवतो ही बातमी तिला प्रथमच कळत होती.

थालीपिठं खमंग होती. माझ्या वाट्याला अर्धं आलं.

हे सगळं आमच्या कुत्र्यामुळे झालं. बंडू २०२० च्या टाळेबंदीत पार्किंगमध्ये सापडला. गावठी, विटकरी रंगाचा, एक कान ड्युटीवर आणि एक रजेवर. तो आला तेव्हा आम्ही दोघं चोवीस तास घरात, पुढची काही वर्षंही त्यातलं एक तरी घरात असायचंच. माणसं ही घराला पंख्यासारखी बसवलेली असतात, असा त्याचा प्रामाणिक समज. या फेब्रुवारीत मात्र दोघांच्याही कंपन्यांना अचानक आमची तोंडं बघावीशी वाटली, तीही आठवड्यातून पाच दिवस. पहिल्याच संध्याकाळी परत आलो तर दाराची चौकट खालून वीतभर कुरतडलेली, उंबऱ्याशी लाळेचं थारोळं, आणि निघताना त्याच्यासाठी ठेवलेला चिकनचा तुकडा जसाच्या तसा. पाहुण्याच्या हातातली चकली हवेतल्या हवेत पळवणारा हा प्राणी. त्याने चिकन सोडलं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. "खाणं तसंच होतं का?" मग म्हणाल्या, कंटाळलेला कुत्रा घरभर उद्योग करतो, सोफा फाडतो, आणि खाणं तर सगळ्यात आधी संपवतो. घाबरलेल्याच्या घशाखाली घास उतरत नाही. तो दाराशीच झुंजतो, कारण त्याची माणसं त्या दारातून नाहीशी झालेली असतात. जुना फोन आत लावून ठेवा आणि बघा, म्हणाल्या. बघितलं. कुलूप लागल्यापासून तिसऱ्या मिनिटाला येरझाऱ्या, पाचव्याला रडणं, आठव्याला असा आवाज की तो मी परत ऐकला नाही. बायकोनेही नाही. ह्याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात, असं मी आईला फोनवर सांगितलं. "विरह म्हण की सरळ," आई म्हणाली. "तुझे आजोबा गेल्यावर गोठ्यातल्या गाईने दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं, तेव्हा कुणी इंग्रजीत नाव नव्हतं ठेवलं."

रक्त तपासून झालं, वजन झालं, आणि वजनाच्या हिशेबाने फ्लुऑक्सेटिन सुरू झालं. माणसांना देतात तेच. अमेरिकेत २००७ सालापासून कुत्र्यांच्या ह्याच दुखण्यासाठी त्याला रीतसर मान्यता आहे, पण ही माहिती कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यापर्यंत पोचलेली नसावी.

"पेशंटचं नाव?"

"बंडू."

"आडनाव?"

मी नाइलाजाने आमचंच दिलं.

"वय?"

"पाच."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "पाच वर्षांच्या पोराला डिप्रेशनची गोळी?"

"कुत्रा आहे तो."

माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, पोटच्या पोराला असं बोलतात का?"

गोळीचा असर दिसायला चार ते सहा आठवडे जातात, आणि नुसत्या गोळीवर भागत नाही. खरं औषध म्हणजे सराव. त्याला आधी हे शिकवायचं की किल्ली वाजली म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. म्हणून मी दिवसातून दहादा किल्ली उचलून सोफ्यावर बसू लागलो. बूट घालून टीव्ही बघू लागलो. ऑफिसची बॅग खांद्याला लावून भेंडी चिरली. व्हिडिओ कॉलवर आईला माझे पाय दिसले आणि तिने विरह वगैरे सगळं विसरून, घरात बूट घालणाऱ्या घराण्यात आपण जन्म दिला नव्हता, असं कळवलं. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हने कुत्र्यांवर एवढे प्रयोग केले, पण त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या कामासाठी. लाळ मोजायची त्याच्याकडे सोय होती. माझ्याकडे फरशी पुसायचं फडकं आहे.

दुसरा भाग म्हणजे बाहेर जाऊन परत येणं. दार ओढायचं, पाच सेकंद थांबायचं, आत यायचं, काही झालंच नाही असं तोंड करायचं. मग दहा. मग पंधरा. तो घाबरायच्या आत परतायचं, हा एकच नियम, पण तो मोडला की केलेलं सगळं पाण्यात. म्हणजे सराव सोडून एरवी त्याला एकटं ठेवायचंच नाही. त्यामुळे मी ऑफिसात गेलो तर बायको घरून काम, ती गेली तर मी, दोघांनाही जावं लागलं तर माझी धाकटी बहीण वडापावच्या बोलीवर पहाऱ्याला. गेल्या पाच आठवड्यांत आम्ही नवरा-बायको एकत्र कुठेही गेलो नाही. दोन लग्नं, एक मुंज आणि एक बारसं आम्ही पाळीपाळीने साजरं केलं.

हे सगळं सोसायटी बघत होती, ह्याची मला कल्पना नव्हती.

काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभा होतो. बायको आधीच फिरायला निघून गेलेली, कारण घर खरंच रिकामं लागतं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खांद्याला बॅग, तोंड स्वतःच्याच बंद दाराकडे. एका हातात फोन, त्यात आतला बंडू. तो दाराशी आडवा पडून होता, कान एक-एक, श्वास संथ. तीन मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. आमचा विक्रम सव्वाचारचा. एवढ्यात दुधाची पिशवी घेऊन काका वर आले.

काका दुसऱ्या मजल्यावर राहतात, पण तिसऱ्यापर्यंत चढून मग खाली उतरतात. व्यायाम म्हणून. ते थांबले. मला नखशिखान्त पाहिलं.

"काय हो, बाहेर?"

मी ओठांवर बोट ठेवलं. आमचं दार म्हणजे इंचभर प्लायवुड, बंडूला माझा श्वाससुद्धा ओळखू येतो. मी कुजबुजलो, "हो. जरा."

काकांचा आवाजही खाली आला, पण वेगळ्या कारणाने. "आत कोण?"

"कोणी नाही. कुत्रा."

"आणि या?"

"ही गेली."

"गेली?"

"फिरायला."

काकांनी दुधाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "हं. मला दिसल्या त्या. झपाझप चालल्या होत्या. मी हाक मारली, वळून पाहिलं नाही." (तिच्या कानात गाणी असतात.) "म्हणजे त्या घराबाहेर, तुम्हीही घराबाहेर, आणि घरात कुत्रा."

"हो."

"परवाही तुम्ही असेच उभे होता. आणि रविवारी."

"तो सराव आहे काका."

"सवय होते हो," काका म्हणाले, आणि चक्क पायरीवर बसले. "मला सांगायला लाज नाही वाटत. सत्त्याऐंशी साली हिने मला साबुदाण्यावरून बाहेर काढलं होतं. भिजवायला सांगितला, विसरलो. आषाढी होती. सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो, जिना तरी कुठला, अंगणात उभा. अख्खा वाडा बघतोय. तेव्हा माझ्याशी कुणी बोललं नाही बघा. म्हणून मी आज बसलो."

माझ्या फोनवर बंडूचा ड्युटीवरचा कान उठला. चार मिनिटं पाच सेकंद. मी हातानेच काकांना खाली जायची खूण केली. काकांना ती 'बसा' अशी दिसली असावी.

"त्यात काय बघता?" त्यांनी मान लांब केली. "आतलं दिसतंय? कॅमेरा लावलाय घरात?"

"हो, पण तो..."

"अरे, पाळत ठेवू नको रे बायकोवर!" अहो-जाहोवरून काका अरे-तुरेवर आले होते, डोळ्यांत खरं पाणी. "त्याने संसार मोडतो. चूक तुझी असो नसो, सॉरी म्हणून टाक. थांब, मीच मध्ये पडतो."

आणि त्यांनी बेल दाबली.

बेल ही बंडूच्या आयुष्यातली दुसऱ्या क्रमांकाची भीती. आमच्या बेलला कोकीळ आहे, बिल्डरने बसवलेली, ती तीनदा ओरडते. तिसऱ्या ओरडीआधीच आत प्रलय सुरू झाला. काका कान देऊन ऐकत होते. "उघडत नाहीत," ते म्हणाले. "फारच बिनसलंय."

"आत कोणी नाहीच आहे!" मी ओरडलो. आता कुजबुजायला काही उरलं नव्हतं. किल्ली काढून दार उघडलं तर काका चकित. "अरे, किल्ली आहे तुझ्याकडे? मग जात का नाहीस?"

ह्याला उत्तर होतं. डॉक्टरीणबाईंच्या दीड तासाच्या फीचं उत्तर होतं. पण बंडू माझ्या छातीवर दोन्ही पाय देऊन थरथरत होता, शर्टावर लाळ, आणि मी एवढंच म्हणालो, "काका, नंतर बोलू." ह्यावरून थालीपिठं.

पाच आठवड्यांची मेहनत कोकिळेने खाल्ली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, दोन मिनिटांपासून परत सुरू करा. मी रागावलो नाही असं सांगेन, पण ते खोटं आहे. काकांवर नाही, काका भला माणूस. राग ह्याचा येतो की आमच्या नोटीस बोर्डावर मार्चपासून 'श्वानाच्या आवाजाचा बंदोबस्त करावा' असा कागद आहे आणि आमच्याच डोक्यावर चौथ्या मजल्यावर गेले अडीच महिने ड्रिल चालू आहे, त्याला कागद नाही. दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं. आमच्या गल्लीत घड्याळं नाहीत. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त येतं, आणि तरी बंदोबस्त करायचा तो बंडूचा. पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना मी सेक्रेटरींना दाखवल्या, भुंकतो म्हणून कुत्र्यावर बंदी आणता येत नाही, असं त्यात आहे. ते म्हणाले, "बंदी कोण आणतंय? दोन फटके द्या, गप बसेल."

दोन फटके हा महाराष्ट्राचा आवडता औषधोपचार. मीही, कबूल करतो, पहिल्या आठवड्यात चौकटीकडे बोट दाखवून ओरडलो होतो. बंडूने कान पाडले, नजर चोरली, आणि मला वाटलं, बघा, लबाडाला कळतंय. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्या बाईंनी २००९ साली नेमकं हेच तपासलं: तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने काही केलंय की नाही ह्यावर ठरत नाही, मालक रागावलाय की नाही ह्यावर ठरतो. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा बोलणी खाल्ल्यावर तसाच चेहरा करतात. म्हणजे बंडू त्या दिवशी माझी माफी मागत नव्हता. दिवसभर मी नाही म्हणून घाबरला होता, आणि आता मी आलो म्हणून. हे वाचल्यावर मी रात्री उठून त्याला अख्खं पनीर दिलं. बायको म्हणाली, हे शास्त्रात बसत नाही. नसेल.

आज सकाळी डबा परत द्यायचा होता. आमच्याकडे रिकामा डबा परत जात नाही, म्हणून बायकोने त्यात चिवडा भरला आणि "सगळं नीट समजावून सांग" असा दम भरून ती फिरायला गेली. मी विचार केला, एका फेरीत दोन कामं. दोन मिनिटांचा सराव, तेवढ्यात डबा.

काकूंनी आत बसवलं. मी चपला बाहेर काढल्या, फोन गुडघ्यावर उभा केला आणि विरह, फ्लुऑक्सेटिन, किल्ली, बूट, कोकीळ असं सगळं सांगितलं. काकू तोंडावर हात ठेवून हसत होत्या. काका मात्र गंभीर, माझ्याबरोबर फोनकडे बघत. दोन मिनिटं झाली. बंडू झोपलेला. मी उठणार तर काकांनी दंड धरला. "थांब. झोपलाय तो. विक्रम होऊ दे." तीन मिनिटं. काका सेकंद मोजायला लागले, कुजबुजत. चार. सव्वाचार. साडेचार! काकूंनीही हसणं थांबवलं. आम्ही तिघं फोनवर वाकून एका झोपलेल्या कुत्र्याकडे बघत होतो, आणि पाच मिनिटं वीस सेकंदांना काकूंच्या कुकरने शिट्टी दिली.

बंडूने मान वर केली. मी पळालो. जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढलो, किल्ली लावली, आत शिरलो. तो शेपटी हलवत उभा, रडणं नाही, काही नाही, नुसती एक जांभई. मी त्याच्याकडे लक्ष न देता शिकवल्याप्रमाणे पाणी प्यायलो. मग खाली बघितलं. माझ्या पायात काकांच्या चपला होत्या.

थोड्या वेळाने जिन्यातून काकांचा आवाज आला. ते बेल न वाजवता, दाराला तोंड लावून कुजबुजत होते. "मी आहे. चपला राहू दे, घाईने काढू नको. कुत्र्याचं कळलं मला सगळं." मग जरा थांबून, "पण तुझं नि हिचं काय ते मिटलं का?"