सव्वा मूठ गहू

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, साडी नेसवून देवी मांडतात. रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आणि रोट, म्हणजे देवीचा गव्हाचा नैवेद्य. या रोटांचे गहू मोजून घ्यायचे असतात. आमच्या घरी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातला असला तरी त्याची मूठ धरायची. आई एकेकाचं नाव घेत परातीत गहू टाकते. वडील गेले त्या वर्षी सवयीने त्यांचीही मूठ भरली गेली आणि तिचा हात परातीवर तसाच थांबला. मग तिने ती मूठ हळूच परत डब्यात सोडली.

मी आणि माझी बहीण ते गहू निवडायचो. आपलं नाव त्यात येत नाही, हे आम्हाला कधी खटकलंसुद्धा नाही. लग्नानंतर तर प्रश्नच मिटला. रोट भाऊबंदांनीच खायचे, आणि लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची. देवी बाई, राबणाऱ्या बाया, मोजदाद मात्र पुरुषांची.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे या आखाजीला मी हक्कसोड करून आले, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा भावासाठी लिहून सोडला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. निंबाला झोका, खापरावरचे मांडे, आमरस, आणि माहेरी आल्याआल्या अंगात येणारा तो आळस. आम्ही दोघी बहिणी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, मांडे हाणले, आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या गाडीत बसून नोंदणीच्या कार्यालयात. कागदावर ‘राजीखुशीने व स्वसंतोषाने’ असं लिहिलेलं. फोटो काढला, अंगठे घेतले. आईचा अंगठा मशीन घेईना. पदराने पुसला, परत ठेवला, परत पुसला. पन्नास वर्षं कापूस वेचून, निंदणी करून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. शेवटी दुसरं बोट चाललं. समोरच्या माणसाने संगणकावरून नजर न काढता विचारलं, “स्वखुशीने करताय ना?” आम्ही तिघीही एकदम “हो” म्हणालो.

माझा हात क्षणभर अडखळलेला आईने बघितला असावा. म्हणाली, “करी दे माय, भाऊ शे तुना. मी तं दोनदाव करेल शे.”

दोनदा. एकदा तिच्या भावांसाठी, लेक म्हणून. आणि आता आमच्या भावासाठी, बापाची विधवा म्हणून. जिथे जन्मली ती जमीन सोडली आणि जिथे राबली तीही सोडली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट थोडी ऐटच होती.

माझा भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये त्याची धुलाई सुरू होईल. वडिलांचं आजारपण त्याने काढलं, सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. माझी नोकरी आहे, जळगावात स्वतःचा फ्लॅट आहे. मला कोणी धमकावलं नाही. कायदाही ठाऊक होता. महाराष्ट्राने 1994 मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. मग 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली, आणि तारखेवरून जे वाद चालू होते ते सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मिटवले, की हा हक्क जन्मानेच मिळतो. हे सगळं मी दुसऱ्या बायकांना समजावून सांगते. तरी सही केली. का? तर माहेर तुटेल म्हणून. नावावर काही न राहता माहेर राहील, आणि नाव राहिलं तर माहेर जाईल, हा हिशेब मला कोणी शिकवला?

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. तेव्हा मलाच विचारायला हवं.

बहिणाबाई चौधरींच्या एका कवितेत सासुरवाशीण योग्याला सांगते की लेकीला माहेर असावं म्हणून माय सासरी नांदते. ही ओळ वर्गात म्हणताना माझा आवाज दरवर्षी जड होतो, पोरीही गप्प होतात. यंदा ती ओळ वेगळीच ऐकू आली. आई नांदते ती लेकीच्या माहेरासाठी, लेक नांदणार तिच्या लेकीच्या माहेरासाठी. या सगळ्या साखळीत घर नेमकं कोणाचं?

दोष कवितेचा नाही, आमच्या निवडीचा आहे. असोद्याची ही बाई, लिहिता-वाचता न येणारी, तिशीच्या आसपास विधवा झालेली. (आमच्याकडे तिला सर्रास अहिराणी कवयित्री करून टाकतात. बोली तिची लेवा. पण ते भांडण पुन्हा कधीतरी.) 1951 मध्ये ती गेली आणि 1952 मध्ये गाणी छापून आली. तेव्हापासून आम्ही तिच्याकडून काय उचललं? तव्याचे चटके. लग्नपत्रिकेवर, हळदीकुंकवाच्या स्टेजवर, सत्काराच्या मानपत्रात, सगळीकडे चटके. तिने दारात आलेल्या ज्योतिषाला सरळ परत पाठवलं, माझं दैव मला कळतं, माझा हात बघू नको म्हणाली. कुंकू पुसलं गेलं तेव्हा त्याखाली लपलेली कर्माची रेघ उघडी पडली, असं तिने स्वतःच्या कपाळाबद्दल सांगितलं. ती बाई पत्रिकेवर कोण छापणार? सोसणारी हवी, हुज्जत घालणारी नको. विद्यापीठाला मात्र तिचं नाव दिलंय, 2018 पासून.

दुसरं टोक बघा. अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरायचे, कपडे धुवायचे. पुढे आईवर लिहिलेलं त्यांचं पुस्तक महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं आणि त्यांना मातृहृदयी म्हटलं. मला गुरुजी फार आवडतात, त्यांची थट्टा करायची नाही. पण पुरुषाने बाईचं काम केलं की त्याला संतपद मिळतं. बाईने पुरुषाचं काम केलं, बांधावर फवारणीचा पंप पाठीला लावला, तर ‘बाई असून’ एवढंच पदरात पडतं. आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी.

आता अपेक्षा बदलल्यात, असं म्हणतात. बदलल्यात ना. स्थळ सांगून येतं त्यात ‘नोकरीवाली, गाडी चालवता येणारी, पण घरगुती’ असं लिहिलेलं असतं. त्या ‘पण’वर प्रबंध होईल. जुनं काही वजा झालं नाही, नवं तेवढं बेरजेला आलं. प्रतिभाताई पाटील इथल्याच. 1962 मध्ये जळगावातून आमदार, 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. पण आमच्या आत्या त्यांचं कौतुक करायच्या ते काय? राष्ट्रपती भवनात गेली तरी डोक्यावरचा पदर ढळला नाही!

गुढीपाडव्याला नऊवारी नेसून बुलेटवर रॅली निघते, फोटो छान येतात, मीही लाइक करते. बुलेट भावाची असते. 2024 पासून सरकारही लाडक्या बहिणीला महिन्याला 1,500 रुपये देतंय. बहीण लाडकी आहेच हो, सातबाऱ्यावर तिचं नाव येत नाही तोवर.

साहित्यातली बाईही बदलली म्हणतात. एकटी राहते, दारू पिते, नवऱ्याला सोडते. ठीक. पण नोंदणी कार्यालयात सही करताना थबकणारी, चांगला पगार असलेली, भावावर माया असलेली, कायदा पाठ असलेली बाई मला अजून नीट भेटलेली नाही. तिचं धाडस आणि तिचा भित्रेपणा एकाच पर्समध्ये असतो. कोणी लिहिलं असेल तर सुचवा, खरंच वाचायचंय.

भावाला दोन मुली आहेत, मुलगा नाही. म्हणजे आज परातीत एकच मूठ पडते. परवा वहिनीला फोनवर म्हटलं, श्रावणात मी येतेय, पोरींच्या नावाने दोन मुठी मी टाकणार. ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, “ताई, मला चालेल. पण आई बघतील ना.”

फोन स्पीकरवर होता. मागून आईचा आवाज आला, “माले आते दिखत नही बरं. मोतीबिंदू शे.”