चिनी मुलांनाही डिस्लेक्सिया होतो, आणि डोळ्यांच्या व्यायामाने तो जात नाही

माझ्या मावसबहिणीने डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याची अडचण, असलेल्या तिसरीतल्या मुलाचे विशेष शिक्षिकेकडचे वर्ग अचानक बंद केले आणि कारण विचारल्यावर व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला. त्याचे सार असे: चिनी लिपी चित्रमय असल्यामुळे चिनी मुलांना डिस्लेक्सिया होत नाही, डिस्लेक्सिया म्हणजे केवळ दृश्य अवधानाची (नजरेसमोरच्या खुणा टिपण्याच्या क्षमतेची) कमतरता, चिनी शाळांत रोज डोळ्यांचे व्यायाम करून घेतात, म्हणून तेथे हा प्रश्नच नाही, तेव्हा शिकवणी सोडून व्यायाम करावेत आणि जमल्यास चिनी अक्षरे शिकवावीत, कारण अमेरिकेतली मुले त्यानेच सुधारली.

पहिला मुद्दा चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड स्टीव्हनसन आणि सहकाऱ्यांनी तैवानमधील तैपेई, जपानमधील सेंदाई आणि अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील पाचवीच्या मुलांसाठी तिन्ही भाषांत तुल्य चाचण्या तयार केल्या आणि १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: वाचनात गंभीरपणे मागे पडणारी मुले तिन्ही ठिकाणी आढळली. त्याआधी आशियात ती दिसत नव्हती, कारण शिक्षकांना प्रश्नावल्या पाठवण्यापलीकडे फारसे कोणी गेले नव्हते. हाँगकाँगमधील २००७ च्या एका पाहणीत तर डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे प्रमाण ९.७ टक्के निघाले. लिपी चित्रमय असल्याचे म्हणणेही तितकेच पोकळ आहे. चिनी प्राथमिक शाळेत शिकवल्या जाणाऱ्या सुमारे अडीच हजार अक्षरांपैकी बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो, तर दुसरा उच्चार. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ अक्षरात स्त्रीच्या खुणेशेजारी घोड्याची खूण असते, ती केवळ घोड्यालाही ‘मा’ म्हणतात म्हणून.

दृश्य अवधानाबाबत मात्र थोडे मान्य करावे लागते. चिनी अक्षरे रेघांनी दाटलेली असतात आणि ओळीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते, त्यामुळे एका दृष्टिक्षेपात किती खुणा टिपता येतात याला तेथे महत्त्व आहे आणि काही डिस्लेक्सिक चिनी मुले त्यात कमी पडतात. पण २००९ मध्ये बीजिंगच्या मुलांवर झालेल्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात दृश्य-अवकाशीय दोषाबरोबरच (आकार आणि त्यांची जागा ओळखण्यातील दोषाबरोबरच) ध्वनिप्रक्रियेचा, म्हणजे शब्दांतले ध्वनी ओळखण्या-हाताळण्याचा, दोषही आढळला. ‘केवळ’ हा शब्द संदेश लिहिणाऱ्याच्या पदरचा आहे. शिवाय जे मूल कमी वाचते त्याच्या अवधानाला सरावही कमी मिळतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एका चाचणीवरून ठरत नाही.

संतापजनक आहे तो व्यायामाचा मुद्दा, कारण त्यानेच एका मुलाचा वर्ग सुटला. चिनी शाळांतले ते व्यायाम १९६३ पासून चालू आहेत. संगीताच्या तालावर डोळ्यांभोवतीचे ठरावीक बिंदू बोटांनी दाबायचे, असे त्यांचे स्वरूप आहे. त्यांचा हेतू मायोपिया, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, रोखण्याचा. वाचनदोषाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आणि त्या मूळ हेतूतही यश किती, हे चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाच्या २०१८ च्या आकड्यावरून दिसते: मुले आणि किशोरवयीनांत मायोपिया ५३.६ टक्के! दृश्य अवधान हे मेंदूचे काम आहे, बुबुळांभोवतीच्या स्नायूंचे नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून स्पष्ट केले की दृष्टिदोष हे डिस्लेक्सियाचे कारण नाही आणि डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत भिंगे यांचा त्यावर उपयोग होत असल्याचा पुरावा नाही. व्यायाम फुकट आणि निरुपद्रवी आहेत, असा युक्तिवाद बहिणीने केला. ते वर्गाच्या जोडीला असते तर मी गप्प बसलो असतो. पण येथे ते वर्गाच्या ऐवजी आले आहेत, आणि ज्या वयात मुलाला अक्षर, ध्वनी आणि शब्द यांची सांगड पद्धतशीरपणे घालून द्यायला हवी, तेच महिने वाया जात आहेत.

चिनी अक्षरांनी अमेरिकेतली मुले सुधारल्याची गोष्ट १९७१ च्या एका प्रयोगातून आली. वाचन न जमणाऱ्या दुसरीच्या आठ मुलांना इंग्रजी शब्दांसाठी चिनी खुणा शिकवल्या आणि काही तासांत त्यांना त्यांतून बनवलेली वाक्ये वाचता आली. पण त्या खुणा होत्या अवघ्या तीस, आणि त्यांचे चिनी उच्चार मुलांना शिकवलेलेच नव्हते. म्हणजे मुलांनी तीस खुणांचे अर्थ लक्षात ठेवले; अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून वाचणे त्यात नव्हतेच.