संत्र्याचे कॅरेट फुटते ते स्फटिक वितळल्यामुळे नव्हे

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांमध्ये सध्या मोबाइलवरून एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे : कॅरेट ज्या प्लॅस्टिकच्या दाण्यापासून बनते त्यातील रेणूंची साखळी जितकी लांब, तितके स्फटिक (साखळ्या शिस्तीत रचून बसलेले घट्ट भाग) अधिक आणि म्हणून कॅरेट मजबूत, उन्हात हे स्फटिक वितळतात म्हणून कॅरेट फुटते, तेव्हा सर्वांत कमी एमएफआयच्या दाण्याचेच कॅरेट घ्यावे. (एमएफआय म्हणजे वितळलेला दाणा किती सहज वाहतो तो आकडा; साखळी लांब, तितका तो कमी.) लांब साखळीचा माल चिवट असतो, एवढे यात खरे आहे. कारण मात्र उलटे सांगितले आहे, आणि त्यावर विसंबून खरेदी केली तर पैसा शेतकऱ्याचाच जातो.

पहिला दावा साखळीचा. एक लाख रेणुभाराची पॉलिथिलीनची, म्हणजे कॅरेटच्या प्लॅस्टिकची, साखळी ताणून सरळ केली, तर ती सुमारे ९०० नॅनोमीटर भरेल. स्फटिकाचा पापुद्रा मात्र जेमतेम १० ते २० नॅनोमीटर जाड असतो. साखळी त्यात पुन्हा पुन्हा घड्या घालून बसते, हे शास्त्रज्ञ अँड्र्यू केलर यांनी १९५७ साली मांडले. साच्यात माल काही सेकंदांत थिजतो, आणि तेवढ्या वेळात आखूड साखळ्या सहज घड्या घालतात, तर एकमेकींत गुंतलेल्या लांब साखळ्यांचा बराच भाग स्फटिकाबाहेरच राहतो. नेहमीच्या एचडीपीईमध्ये, म्हणजे कॅरेटसाठी वापरल्या जाणाऱ्या घट्ट पॉलिथिलीनमध्ये, ६० ते ८० टक्के भाग स्फटिकरूप असतो. तीस लाखांहून अधिक रेणुभाराच्या पॉलिथिलीनमध्ये तो निम्म्याच्या आसपास उतरतो, तरीही कृत्रिम गुडघ्यातला घर्षण सोसणारा भाग त्याच चिवट पदार्थाचा बनतो. चिवटपणा येतो तो एका पापुद्र्यातून निघून दुसऱ्यात शिरणाऱ्या, दोघांना टाक्यासारख्या जोडणाऱ्या साखळ्यांमुळे. साच्याच्या भिंतीलगत लांब साखळ्या प्रवाहाने ओढल्या जातात आणि त्यांच्या दोऱ्यांवर पापुद्रे वाढतात, हे मान्य. पण त्याने स्फटिकांची रचना बदलते, एकूण प्रमाण फारसे वाढत नाही.

दुसरा दावा उन्हाचा. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळते. आपल्याकडचा मे महिना ४५-४७ अंशांचा. मृग बहाराच्या तोडीनंतर बांधावर राहिलेले एक कॅरेट मी मे अखेरीस उचलून पाहिले. उन्हाकडची बाजू पांढुरकी झाली होती, अंगठा फिरवताच खडूसारखी भुकटी लागली, आणि मुठीच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर निघाली होती. सावलीकडची बाजू अजून लवत होती. अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून साखळ्या तोडतात, तुटलेले मोकळे तुकडे स्फटिकांत जाऊन बसतात आणि स्फटिकांचे प्रमाण उलट वाढते. तुटतात ते टाके. स्फटिक वाढूनही कॅरेट फुटते, तेव्हा मूळ समीकरणच उरत नाही.

राहिला एमएफआय, म्हणजे १९० अंशांवर २.१६ किलोच्या दाबाने दहा मिनिटांत किती ग्रॅम माल वाहतो तो आकडा. तो फार कमी असेल तर माल पातळ पट्ट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि दोन प्रवाह मिळतात तिथे सांधा कच्चा राहतो. त्यामुळे विक्रेत्याला विचारायचे ते हे, की दाण्यात ऊन सोसणारे द्रव्य मिसळले आहे का आणि भंगाराचा दाणा किती आहे. उन्हात झिजलेल्या जुन्या कॅरेटांच्या भंगारात साखळ्या आधीच तुटलेल्या असतात.