देगलूरच्या विहिरीत टंगस्टन सापडलं? नाही ओ

परवापासून गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय की देगलूर-मुखेडकडं ग्रॅनाईट आहे म्हणजे खाली कथील अन् टंगस्टन असणारच, अन् सोबत विहिरीतल्या काळ्या चमकदार दगडाचा फोटो. फोटो मोठा करून बघा की, त्यात चमकतंय ते काळं अभ्रक, सुरीच्या टोकानं पापुद्रे निघतात. कथिलाचं खनिज कॅसिटेराईट असं सुटत नाही, सुरीनं ओरखडासुद्धा पडत नाही अन् हातात घेतलं की वजन कळतं, पाण्याच्या जवळपास 7 पट, आपला काळा बसाल्ट 3 पटच.

नुसतं ग्रॅनाईट असून भागत नाही. शिलारस थंड होताना कथील-टंगस्टन बहुतेक खनिजांत बसत नाही, शेवटच्या उरल्यासुरल्या रसात अन् गरम पाण्यात साठत जातं, मग ते भेगांत शिरून गारगोटीच्या शिरा होतात, त्यात वुल्फ्रामाईट, म्हणजे टंगस्टनचं खनिज. राजस्थानात डेगाण्याला तसंच, बस्तरात कथील पेग्मॅटाईटमध्ये, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाईटसारख्या खडकात. अन् नाल्यातली काळी रेती म्हणाल तर आधी चुंबक फिरवा, चिकटली की मॅग्नेटाईट, म्हणजे लोखंडाचं खनिज, ती तर बसाल्टातून कुठंही येती. जमिनीचा भाव वाढवायला मेसेज बनवला असंल, फॉरवर्ड करू नका राव.