ट्रेडमिलची लाल दोरी कापणाऱ्या मालकांस

आज सकाळी व्यायामशाळेत गेले, तर चारही ट्रेडमिलच्या लाल दोऱ्या कापलेल्या होत्या आणि त्यांच्या टोकाचे चुंबक तेवढे आपापल्या जागी चिकटपट्टीने पक्के बसवून ठेवले होते. काउंटरवरच्या मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काकू, दोरी ओढली गेली की मशीन बंद पडतं, मेंबर तक्रार करतात, म्हणून सरांनीच कापायला सांगितल्या." मशीन बंद पडावे याचसाठी ती दोरी असते, हे सरांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. दोरीचा चिमटा अंगावरच्या कपड्याला लावायचा, माणूस मागे घसरला की चुंबक निघतो आणि पट्टा थांबतो, इतकी ती साधी सोय आहे. चुंबक चिकटवून टाकल्यावर माणूस उभा आहे की आडवा पडला आहे, हे त्या यंत्राला कळणार कसे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या जाऊबाई इथेच पडल्या. दोरी तेव्हा होती, पण ती कपड्याला लावायची असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मोबाईल वाजला, त्यांनी मान वळवली आणि तोल गेला. मागची भिंत जेमतेम दोन फुटांवर असल्यामुळे पाय भिंतीला टेकून त्या तिथेच अडकल्या आणि कोणीतरी धावत येऊन बटण दाबेपर्यंत पट्टा त्यांच्या तळहातांखालून फिरत राहिला. ते साधे खरचटणे नव्हते, कातडी घासून भाजली होती. त्यानंतर कित्येक दिवस त्यांना भाकरी थापता आली नाही, आणि आमच्या घरात भाकरी थापता न येणे म्हणजे काय, हे तुम्हा मंडळींना मी वेगळे सांगायला नको.

पट्ट्यामागे साधारण साडेसहा फूट मोकळी जागा सोडावी, असे सांगितले जाते. इथे तेवढ्या जागेत आणखी एक सायकल बसवली आहे, कारण सायकलीमागे फी मिळते आणि मोकळ्या जागेमागे मिळत नाही. संध्याकाळच्या बॅचला आया मुलांना सोबत आणतात आणि ती मुले त्याच फटीतून पळतात. 2021 साली अमेरिकेत एका लहान मुलाचा जीव गेल्यानंतर पेलोटन कंपनीला सुमारे 1,25,000 ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. आपल्याकडे तसे घडण्याची वाट पाहायची आहे का?

दोरी आखूड असली की हात हलवतानाही ती ओढली जाते आणि वैताग येतो, हे मान्य. मग लांब दोरी आणावी, कात्री कशाला आणायची?

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाट चढण्याची शर्यत, जवळ आली की तरुण मंडळींची तर वेगळीच तऱ्हा असते. पट्टा चालू असतानाच त्यावर उडी मारायची, चढ पूर्ण वाढवायचा आणि मग पुढच्या दांडीला लोंबकळत चालायचे. शर्यतीतल्या यवतेश्वरच्या घाटात धरायला दांडी नसते, बाळांनो. फिरत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर कडांवर पाय ठेवून यंत्र सुरू करा, अगदी हळू वेगापासून चढत जा आणि उतरण्याआधी काही मिनिटे वेग कमी करा, कारण एकदम थांबल्यास चक्कर येते. ट्रेनरने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, पण तो स्वतःच मोबाईलमध्ये असतो.

त्या काउंटरवरच्या मुलावर मात्र माझा राग नाही. जाऊबाई पडल्या तेव्हा त्यांच्या तळहातांवर गार पाणी ओतत तोच बसला होता, आणि त्याचे हात त्यांच्याहून जास्त थरथरत होते. त्याच मुलाच्या हातून मालकांनी दोऱ्या कापून घेतल्या, याचा संताप मला सकाळपासून आवरत नाही.

दुपारी मालकांना फोन केला. ट्रेडमिल भिंतीपासून पुढे सरकवायला ते तयार झाले, पण नव्या दोऱ्यांचे विचारले तेव्हा "बघू" म्हणाले. मी वर्षाची उरलेली फी परत मागितली, त्यावरही "बघू"च म्हणाले. दोऱ्या येईपर्यंत त्या यंत्रांवर कोणी चढू नये, अशी चिठ्ठी मी उद्या सकाळी माझ्या हाताने चारही ट्रेडमिलवर चिकटवणार आहे, आणि चिकटपट्टी त्यांचीच वापरणार आहे.