पेन्सिल सेल गळतात म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. खिशातल्या टॉर्चला कोणता सेल घ्यावा या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, नाव मात्र लिहिलं नाहीत. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. घरात, गाडीत आणि शेतावर चालेल अशी एकच छोटी टॉर्च घ्यायची तर एका पेन्सिल सेलची, म्हणजे डबल ए ची घ्या, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की १८६५० मध्ये, म्हणजे जाड लिथियम आयन सेलमध्ये, चौपट ऊर्जा असते, तीन ट्रिपल ए (बारीक पेन्सिल सेल) वाली टॉर्च स्वस्त पडते आणि पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये १४५०० हा छोटा लिथियम आयन सेल टाकला की झालं. आणि मग हे वाक्य: "पेन्सिल सेल गळतात हे ज्याला माहीत नाही, त्याने ड्रॉवरमधली टॉर्च बघून लोकांना सल्ले देऊ नयेत."

मुद्दे मांडा, हवे तेवढे मांडा. पण हे वाक्य मुद्दा नाही, हा अपमान आहे. तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठे वाढलो ते विचारलंही नाहीत, आणि थेट ड्रॉवरपर्यंत पोचलात.

आमचं शेत मोहोळ तालुक्यात. शेतीपंपाला रात्रीची वीज आली की वडील स्टार्टर दाबायला विहिरीवर जायचे आणि बॅटरी धरायला पुढे मी. आमच्या बांधाला घोणस निघते. तिथे प्रकाश किती लांब जातो यापेक्षा बटण दाबल्यावर टॉर्च लागते की नाही, याची काळजी असते. पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत सोलापुरात नवी पेठेतल्या मामाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसायचो. गिऱ्हाईक बंद टॉर्च काउंटरवर ठेवायचं. मागचं झाकण फिरायचं नाही. पक्कड लावून फिरवलं की स्प्रिंगवर पांढरा, कडेला हिरवट थर, आणि सेल फुगून नळीत रुतलेला. तो लाकडी काडीने मागून ठोकून काढायचा, काडीला चिकटलेला चिकट द्रव बोटाला लागू द्यायचा नाही. हे काम मी केलंय. सेल गळतात हे मला तुम्ही सांगायचं?

आता गळतात का, तेही ऐका. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल पूर्ण उतरल्यावरही तसाच आत राहिला की हायड्रोजन साठतो, दाब वाढतो, सील सुटतं आणि हे रसायन बाहेर येतं. सगळ्यात जास्त गळती कुठे होते? जिथे तीन-चार सेल एकामागे एक असतात आणि त्यात एक जुना, दोन नवे घातलेले असतात तिथे. नवे सेल जुन्याला शून्याच्याही खाली ओढतात, तो उलटा भरला जातो आणि फुटतो. एका सेलच्या टॉर्चमध्ये जुना-नवा प्रश्नच येत नाही. म्हणजे तुमचा आक्षेप तुम्ही सुचवलेल्या तीन ट्रिपल ए च्या टॉर्चलाच जास्त लागू पडतो, साहेब! शिवाय मी लेखात रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल सांगितले होते. ते क्वचितच गळतात. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.

एक मान्य करतो. एका ट्रिपल ए ची टॉर्च शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बसते, डबल ए ची तिथे जड वाटते. घसा बघायला डॉक्टरांना तीच बरी.

बाकीचं पटकन. १८६५० चौपट, हो. ३००० एमएएच क्षमतेचा १८६५० जवळपास १०.८ वॅट-अवर देतो, २००० एमएएचचा रिचार्जेबल डबल ए २.४. हे आकडे लेखात आहेतच. पण १८६५० रात्री नऊला गावातल्या किराणा दुकानात मिळत नाही. बाजारात ९९०० एमएएच छापलेले मिळतात, चांगल्या कंपनीचे साधारण ३५०० च्या आसपास थांबतात, मग त्या छापील आकड्याचं काय करायचं ते ठरवा. आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर लिथियम आयन ठेवायला मी तरी कुणाला सांगणार नाही. तीन ट्रिपल ए स्वस्त का, तर ४.५ व्होल्ट थेट मिळतात, पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट पुरतात, व्होल्टेज वाढवणारं सर्किट वाचतं. बचत तिथली आहे.

तुमचा १४५०० चा सल्ला मात्र मी तसाच सोडणार नाही, कारण खाली दोघांनी "करून बघतो" लिहिलंय. कृपा करून थांबा. १४५०० मापाला डबल ए सारखाच असतो, पण तो ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. फक्त दीड व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चचं सर्किट त्याने जळू शकतं. टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घाला. तसं नसेल आणि घातलाच असेल, तर आत्ता काढून ठेवा.